कैवारी नको, प्रतिनिधी हवा : ‘आम्ही लोक’ लिहिणाऱ्या गव्हर्नर मॉरिसचा धडा



संविधान दिन जवळ आला की दोन गोष्टी न चुकता होतात. एक, आपल्या वस्त्यांत, विहारांत, शाळांत उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. दुसरी, मोबाईलवर तोच जुना संदेश नव्याने फिरू लागतो. संविधानात आंबेडकरांचे स्वतःचे असे काय आहे, सगळे इकडून तिकडून उचललेले आहे, ‘आम्ही भारताचे लोक’ हे शब्दसुद्धा अमेरिकेचेच आहेत, असा तो संदेश. आमच्या विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने तो आम्हाला दाखवला आणि विचारले, “दादा, याला उत्तर काय द्यायचे?”

वर्गातल्या दोघातिघांनी उत्तर म्हणून शिव्याच सुचवल्या. आम्ही म्हटले, शिवी देऊन राग शमतो, प्रश्न शमत नाही. ते अमेरिकेचे शब्द नेमके कोणी लिहिले, तो माणूस कोण होता, त्याच्या ‘आम्ही’मध्ये कोण होते आणि कोण नव्हते, हे आधी पाहू. पुढचे तीन रविवार आम्ही तेच केले. त्या वाचनातून जे हाती लागले ते त्या संदेशाला उत्तर तर आहेच. पण त्याहून मोठे काही आहे, आणि ते आपल्या चळवळीलाही टोचणारे आहे. म्हणून हा लेख.

मॉरिस कोण होता?

माणसाचे नाव गव्हर्नर मॉरिस. यातले ‘गव्हर्नर’ हे पद नव्हे, नावच. आईच्या माहेरचे आडनाव मुलाला लावले होते. जन्म ३१ जानेवारी १७५२, न्यूयॉर्कजवळच्या मॉरिसेनिया या घराण्याच्या जहागिरीवर. आज तो भाग न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्समध्ये आहे. घराणे गर्भश्रीमंत, न्यायाधीश आणि अधिकारी देणारे, आणि त्या काळच्या तशा सगळ्या घराण्यांप्रमाणे गुलामांच्या श्रमावर उभे. सावत्र भाऊ लुईस मॉरिस याने १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती.

गव्हर्नर मॉरिस १७६८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजातून पदवीधर झाला. हेच किंग्ज कॉलेज १७८४ मध्ये कोलंबिया कॉलेज झाले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठ. १९१३ साली ज्या कोलंबियात बाबासाहेब शिकायला गेले, तेच हे. जहागीरदाराचा मुलगा आणि महू छावणीत जन्मलेला सुभेदाराचा मुलगा, दोघेही एकाच संस्थेचे विद्यार्थी. दोघांनीही पुढे आपापल्या देशाच्या संविधानाचा मसुदा हाताळला. एवढे साम्य आहे. आता फरक पाहू.

मॉरिस वकील झाला. १७७५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रांतिक काँग्रेसमध्ये गेला. १७७७ मध्ये न्यूयॉर्कचे राज्य संविधान जॉन जे आणि रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांच्यासह घडवण्यात त्याचा हात होता. तेव्हाच, वयाच्या पंचविशीत, पुढच्या विधिमंडळांनी गुलामगिरी संपवावी अशी शिफारस त्या संविधानात घालावी, असा प्रस्ताव त्याने मांडला. ती शिफारस अंतिम मसुद्यात आली नाही. न्यूयॉर्कने टप्प्याटप्प्याने गुलाममुक्तीचा कायदा केला तो १७९९ साली, आणि तिथली गुलामगिरी पूर्णपणे संपली ती ४ जुलै १८२७ रोजी. त्या एका प्रस्तावानंतर पन्नास वर्षांनी.

१७८० मध्ये फिलाडेल्फियात घोडागाडीच्या अपघातात त्याचा डावा पाय गेला. उरलेले आयुष्य त्याने लाकडी पायावर काढले. देशाच्या वित्त विभागात काम करताना दशमान चलनाची योजना मांडण्यातही त्याचा वाटा होता. म्हणजे माणूस हुशार होता, बोलका होता, धीट होता. खलनायक रंगवून झोडपणे सोपे असते. इथे तसे करता येणार नाही आणि आम्हाला करायचेही नाही. आमचा मुद्दा नेमका उलटा आहे. तो चांगला माणूस होता, म्हणूनच त्याची गोष्ट महत्त्वाची आहे.

८ ऑगस्ट १७८७ चे भाषण

१७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात संविधान परिषद भरली. एकूण ५५ प्रतिनिधी आले. सगळे गोरे, सगळे पुरुष. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या मालकीचे गुलाम होते. मॉरिस पेनसिल्व्हेनियाचा प्रतिनिधी होता, आणि त्या परिषदेत सर्वांत जास्त वेळा बोलला तो हाच. जेम्स मॅडिसनने रोजच्या कामकाजाची टिपणे ठेवली, म्हणून कोण काय बोलले हे आपल्याला आज कळते.

भांडण होते ते प्रतिनिधित्वाचे. कनिष्ठ सभागृहात कोणत्या राज्याला किती जागा द्यायच्या हे लोकसंख्येवर ठरणार होते. दक्षिणेतले गुलाममालक म्हणत, आमचे गुलामही लोकसंख्येत मोजा. मत कोणाला? मालकाला. जागा कोणाच्या नावाने? गुलामांच्या. शेवटी सूत्र निघाले ते तीन पंचमांशाचे. पाच गुलाम म्हणजे तीन माणसे.

८ ऑगस्टला मॉरिस उभा राहिला. ‘रहिवासी’ या शब्दाआधी ‘स्वतंत्र’ हा शब्द घाला, म्हणजे गुलामांच्या नावावर मालकांना जागा मिळणार नाहीत, अशी त्याची सूचना होती. गुलामगिरी ही नीच संस्था आहे, जिथे ती आहे त्या राज्यांवर तो ईश्वरी शाप आहे, असे त्याने भर सभेत सांगितले. गुलाम नसलेल्या प्रदेशातली समृद्ध शेती आणि गुलामांच्या प्रदेशातली उजाड जमीन यांची तुलना केली. मग त्याने प्रश्न विचारला: हे गुलाम माणसे आहेत का? असतील तर त्यांना नागरिक करा, मत द्या. मालमत्ता आहेत का? मग दुसरी कोणतीही मालमत्ता मोजत नाही, हीच का मोजता? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे ओढून आणणाऱ्याला, हे पाप न करणाऱ्यापेक्षा जास्त मते मिळणार, हे कोणते न्यायतत्त्व?

त्या चार महिन्यांत गुलामगिरीविरुद्ध यापेक्षा धारदार भाषण क्वचितच झाले असेल. मतदान झाले. अकरा राज्यांपैकी फक्त न्यू जर्सीने ‘होय’ म्हटले. दहा विरुद्ध एक. मॉरिसच्या स्वतःच्या पेनसिल्व्हेनियानेही त्याला साथ दिली नाही.

इथेच गोष्ट थांबली असती तर आम्हीही त्याचा फोटो लावला असता.

चौदा दिवसांनंतर

२२ ऑगस्टला गुलामांच्या आयातीचा विषय निघाला. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया अडून बसले: आयात बंद केलीत तर आम्ही संघात येणार नाही. उत्तरेकडच्या राज्यांना जहाज वाहतुकीबाबत साध्या बहुमताने कायदे करण्याचा अधिकार हवा होता, कारण त्यांचा धंदा जहाजांचा. दक्षिणेला त्याची भीती होती. दोन गट, दोन स्वार्थ. आणि त्या वेळी उठून, हे सगळे विषय एकत्र एका समितीकडे द्या, यातून उत्तर आणि दक्षिण यांच्यात सौदा होऊ शकेल, अशी सूचना कोणी केली?

गव्हर्नर मॉरिसने. ईश्वरी शापाचे भाषण केले होते त्यानेच. मध्ये गेले होते फक्त चौदा दिवस.

समिती बसली. सौदा झाला. जहाजांच्या कायद्यासाठी दोन तृतीयांश बहुमताची अट गेली. बदल्यात १८०० पर्यंत गुलामांची आयात बंद करता येणार नाही, असे ठरले. २५ ऑगस्टला ती मुदत वाढवून १८०८ केली गेली. न्यू हॅम्पशायर, मॅसेच्युसेट्स आणि कनेक्टिकट या उत्तरेकडच्या तीन राज्यांनी दक्षिणेच्या बाजूने मत दिले. मॉरिसच्या पेनसिल्व्हेनियाने या वाढीला विरोध केला, हे नमूद करायला हवे. मॉरिसने त्या दिवशी असेही सुचवले की, लपवाछपवी कशाला, कोणत्या राज्यांसाठी ही सवलत आहे त्यांची नावेच संविधानात लिहा. पण काही सदस्यांनी नाराजी दाखवताच त्याने ती सूचना मागे घेतली. २९ ऑगस्टला पळून गेलेला गुलाम मालकाला परत करण्याचे कलम आले. ते एकही विरोधी मत न पडता मंजूर झाले.

मग सप्टेंबरमध्ये भाषा नीटनेटकी करण्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली आणि लेखणी मॉरिसच्या हाती आली. त्याने तेवीस कलमांचा पसारा सात कलमांत बसवला. आधीच्या मसुद्याच्या सुरुवातीला ‘आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसेच्युसेट्स... या राज्यांचे लोक’ अशी तेरा राज्यांची यादी होती. मॉरिसने ती काढली आणि लिहिले: आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक. १७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ जणांनी सह्या केल्या. मॉरिसचे म्हणणे त्या दिवशी असे होते की, आक्षेप मलाही आहेत, पण याहून चांगले मिळणार नाही, म्हणून दोषांसकट मी हे स्वीकारतो.

दोषांसकट! कोणाच्या पाठीवर होते ते दोष? १७९० च्या पहिल्या जनगणनेत त्या देशाच्या सुमारे ३९ लाख लोकसंख्येत जवळजवळ सात लाख गुलाम होते. त्यांतला एकही त्या सभागृहात नव्हता. आणि ज्या दस्तऐवजात त्यांचा तीन पंचमांश हिशेब होता, वीस वर्षांची आयात होती, पळाल्यावर परत धरून आणण्याची हमी होती, त्यात ‘गुलाम’ हा शब्द एकदाही नव्हता. ‘इतर व्यक्ती’, ‘अशा व्यक्ती’ असे सभ्य शब्द होते. ‘गुलामगिरी’ हा शब्द त्या संविधानात पहिल्यांदा आला तो १८६५ मध्ये, ती रद्द करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीत.

शब्द सुंदर आणि व्यवहार कुरूप, हा खेळ आपल्याला नवा नाही. आपल्याकडे पाणी नाकारणाऱ्यांनीच ‘हरिजन’ हे गोंडस नाव शोधले नव्हते, हे खरे. पण ते नाव वापरून पाणी नाकारत राहणे त्यांना जड गेले नाही, हेही खरे.

“पण सौदा केला नसता तर देशच झाला नसता”

हा आक्षेप आम्हाला वर्गातही आला आणि तो हलका नाही. सौदा केला नसता तर दक्षिण बाहेर गेली असती, गुलामगिरी तिथे राहिलीच असती, उलट तिला रोखणारे कोणीच उरले नसते, असे म्हणणारे इतिहासकार आहेत. आम्ही यावर एवढेच म्हणतो: असेल. तडजोड हा राजकारणाचा भाग आहे. बाबासाहेबांनीही तडजोडी केल्या. प्रश्न तडजोड करावी की नाही हा नाही. प्रश्न आहे, तडजोडीत जो हक्क सोडला जातो तो कोणाचा असतो आणि तो सोडण्याचा अधिकार सोडणाऱ्याला कोणी दिला?

मॉरिसने स्वतःचे काय सोडले? ना मालमत्ता, ना मत, ना जहागीर. ज्यांचे सोडले त्यांना विचारले नाही, कारण ते खोलीत नव्हते. तीन पंचमांशामुळे दक्षिणेला मिळालेल्या जादा जागांनी पुढची सत्तर वर्षे कायदे ठरवले, राष्ट्राध्यक्ष ठरवले. १८६० पर्यंत गुलामांची संख्या सुमारे चाळीस लाखांवर गेली. शेवटी गृहयुद्ध झालेच. सौद्याने टाळलेले रक्त व्याजासकट सांडले.

आणि त्याचा विरोध तरी कोणत्या जातीचा होता? ११ जुलैच्या चर्चेत त्याने सांगितले की, दक्षिणेवर अन्याय करावा की मानवतेवर अशा पेचात मी आहे, आणि मी मानवतेची बाजू घेतो. छान. पण त्याच दिवशी त्याने असेही सांगितले की, काळ्यांना मोजणीत घेतले तर पेनसिल्व्हेनियाचे लोक आपल्याला गुलामांच्या बरोबरीला बसवले म्हणून बिथरतील. एका तोंडाने मानवता आणि दुसऱ्या तोंडाने ‘आमच्या लोकांना बरोबरी चालणार नाही’. ही भाषा तुम्ही ऐकलेली नाही का? “आम्ही जात मानत नाही हो, पण सोसायटीतल्या लोकांना चालणार नाही.”

मत विकणारे कोण?

आणखी एक प्रसंग. ८ ऑगस्टच्या आदल्याच दिवशी, ७ ऑगस्टला, याच मॉरिसने सूचना केली होती की मताचा अधिकार फक्त जमीनमालकांना द्यावा. कारण काय, तर मालमत्ता नसलेल्यांना मत दिले तर ते श्रीमंतांना विकतील. सूचना पडली, पण युक्तिवाद मेला नाही. तो समुद्र ओलांडून आला. भारतात प्रौढ मताधिकाराला विरोध करणाऱ्यांनी तोच वापरला: निरक्षर, भुके लोक मताचे काय करणार? १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली ती याच युक्तिवादाच्या छाताडावर पाय देऊन. आणि आजही निवडणूक झाली की दिवाणखान्यात बसून कोणीतरी म्हणतेच, झोपडपट्टीवाले पाचशे रुपयांत मत विकतात. विकत घेणाऱ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. गंमत पाहा, परिषदेत गुलामांच्या माणूसपणाचा सौदा झाला, तेव्हा त्या खोलीत एकही मालमत्ता नसलेला माणूस नव्हता. विकले ते सगळे मालमत्तावाल्यांनीच.

त्याचे पुढचे आयुष्यही याच वळणाचे. फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा तो पॅरिसमध्ये होता. १७९२ ते १७९४ अमेरिकेचा राजदूत होता. क्रांतीच्या दहशतीच्या काळातही पॅरिस न सोडणारा तो एकमेव परदेशी राजदूत, एवढे धैर्य त्याच्यात होते. पण सहानुभूती राजाकडे होती. सोळाव्या लुईला पळवून नेण्याच्या बेतातही तो सामील होता. १८०० ते १८०३ तो सिनेटर होता. न्यूयॉर्कच्या रस्त्यांची १८११ ची प्रसिद्ध आखणी करणाऱ्या तिघांत तो होता, ईरी कालव्याच्या मंडळाचा अध्यक्षही होता. आणि १८१२ च्या युद्धात आपल्या पक्षाचे, आपल्या भागातल्या व्यापाऱ्यांचे नुकसान होऊ लागले तेव्हा ‘संयुक्त संस्थानांचे लोक’ लिहिणारा हाच माणूस उत्तरेच्या राज्यांनी संघातून फुटावे असे म्हणू लागला. ६ नोव्हेंबर १८१६ रोजी तो वारला. लक्षात घ्या: गुलामांसाठी संघ मोडायला तो तयार नव्हता. स्वतःच्या वर्गाच्या हितासाठी तयार होता.

आमच्या मते ढोंगीपणा हा इथला खरा मुद्दा नाही. सहानुभूतीला मर्यादा असते आणि हितसंबंध ती मर्यादा ठरवतात, हे समाजशास्त्र आहे. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना अवघ्या सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी हेच मांडले होते: अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे. दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचा प्रतिनिधी मीच, असा दावा केला, तेव्हा बाबासाहेब अडून बसले ते याच तत्त्वावर. १९३२ च्या पुणे करारात आपले स्वतंत्र मतदारसंघ गेले. तोही दबावाखालचा सौदाच होता. पण तिथे टेबलाच्या एका बाजूला आपला माणूस होता. म्हणून जे जात होते त्याच्या बदल्यात १४८ राखीव जागा तरी आल्या, आणि जे गेले ते गेले असे जगाला सांगणारा साक्षीदारही राहिला. फिलाडेल्फियात सात लाखांचा साक्षीदारसुद्धा नव्हता.

मग शब्द चोरलेले का?

आता त्या संदेशाला उत्तर. होय, ‘आम्ही लोक’ ही सुरुवात अमेरिकेच्या संविधानातून आली, त्यात लपवण्यासारखे काही नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जेफरसनचा नाव घेऊन आधार घेतला. ज्ञान घेताना त्यांनी कधी लाज बाळगली नाही.

पण मॉरिसची प्रास्ताविका काढून वाचा. तिथे न्याय आहे, अंतर्गत शांतता आहे, संरक्षण आहे, कल्याण आहे, स्वातंत्र्य आहे. समता नाही. बंधुता नाही. कशी असेल? समता लिहिली असती तर खालचे तीन पंचमांश कुठे ठेवले असते? आपल्या उद्देशिकेत समता आहे. बंधुता आहे, ती १९४६ च्या उद्दिष्टांच्या ठरावात नव्हती, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने ती घातली. आपली तत्त्वत्रयी फ्रेंच क्रांतीतून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतलेली आहे, असे त्यांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले. आणि मुख्य म्हणजे उद्देशिकेखाली सतरावे कलम आहे, अस्पृश्यता नष्ट करणारे, शब्द न चोरता, नाव घेऊन. तिथे गुलामाचे नाव लपवले. इथे अस्पृश्यतेचे नाव लिहून ती गुन्हा ठरवली. पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले. अमेरिकेला काळ्या पुरुषाला कागदावर मत द्यायला १८७० उजाडले, स्त्रियांना १९२०, आणि दक्षिणेतल्या काळ्यांना ते मत खरोखर टाकता यायला १९६५ चा कायदा लागला.

अमेरिकेतही ‘आम्ही लोक’ या शब्दांत प्राण भरला तो मॉरिसने नव्हे. १८५७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितले की, काळे लोक त्या ‘लोकां’त येतच नाहीत. तीन वर्षांनी, १८६० मध्ये ग्लासगोला, गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने उत्तर दिले: तिथे ‘गोरे लोक’ असे लिहिलेले नाही, ‘लोक’ असे लिहिले आहे, आणि आम्ही लोक आहोत. ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांनी आत शिरून शब्दाचा अर्थ बदलला. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामासाठी. १७८७ च्या सौद्यासाठी नव्हे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले ते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना. आपले नाते कोणाशी, हे आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होते.

आता आपल्याकडे वळू

इथपर्यंत टाळ्या मिळतात. पुढचे बोलायला आम्हालाच जड जाते.

काही वर्षांपूर्वी एका गावातल्या कंत्राटी सफाई कामगारांच्या मागण्यांचे निवेदन आम्ही तयार केले होते. सहा मागण्या होत्या. थकलेला पगार, हातमोजे आणि बूट, भविष्य निर्वाह निधी, आठवड्याची सुट्टी, ओळखपत्र, आणि बायकांसाठी कपडे बदलायला खोली व संडास. चर्चेला आम्ही चौघे गेलो. चौघेही बौद्ध, चौघेही शिकलेले, चौघेही पुरुष. साहेब म्हणाले, थकीत पगार याच आठवड्यात काढतो, दोन मागण्या पुढच्या वर्षी बघू. आम्ही मान्य केले. सोडलेल्या दोनांत खोली आणि संडासाची मागणी होती. बाहेर येऊन आम्ही विजयी घोषणा दिल्या.

संध्याकाळी वस्तीत एक बाई आम्हाला म्हणाल्या, “पगार आला, बरं झालं भाऊ. पण ती मागणी सोडली ती कुणाची होती? पहाटे चारला निघतो, दुपारी दोनपर्यंत आडोसा शोधतो आम्ही. तुम्ही आत आम्हाला एकीलाबी नेलं असतं तर आम्ही सोडली नसती.”

त्या बाई मेहतर समाजाच्या. आम्ही त्यांचे कैवारी होतो, प्रतिनिधी नव्हतो. आमची भाषणे खरी होती, आमची तळमळ खरी होती. मॉरिसचीही होती.

मित्रांनो, म्हणून आम्ही म्हणतो, हा आरसा फक्त सवर्ण पुरोगाम्यांना दाखवून भागणार नाही. मातंग, मेहतर, भटके-विमुक्त, आदिवासी, आणि आपल्याच घरातल्या बायका यांच्या वतीने आपण किती वेळा बोलतो आणि किती वेळा त्यांना बोलू देतो? आपल्या समित्यांचे अध्यक्ष, कोषाध्यक्ष, वक्ते कोण असतात? जयंतीच्या वर्गणीला घराघरांतून बाई लागते आणि मंचावर लागत नाही, हे कोणते प्रतिनिधित्व? आणि उलट बाजूही विसरू नका. केवळ आपल्या जातीचा माणूस खोलीत असला की काम झाले, असेही नाही. दुसऱ्यांच्या मतांवर निवडून येऊन दुसऱ्यांची चाकरी करणाऱ्यांना कांशीरामजींनी १९८२ मध्येच नाव दिले होते. प्रतिनिधी म्हणजे ज्याला आपण परत येऊन विचारू शकतो की, काय सोडलेस, कोणाला विचारून सोडलेस?

त्या प्रसंगानंतर आम्ही एक नियम केला. ज्याची मागणी, तो चर्चेच्या खोलीत. मागणी सोडायची तर ती ज्यांची आहे त्यांच्या बैठकीत, त्यांच्या मताने. यामुळे उशीर होतो. साहेब वैतागतात, आपलेही कार्यकर्ते वैतागतात. होऊ द्या. पुढच्या खेपेस त्या बाई स्वतः आत गेल्या. एक पत्र्याची खोली आणि दोन संडास मिळाले. फार मोठी क्रांती नाही. पण ती मागणी त्यांनी धरली होती, आणि ती सोडण्याचा अधिकारही फक्त त्यांचाच होता.

येत्या २६ नोव्हेंबरला उद्देशिका वाचाल तेव्हा ‘आम्ही’ या शब्दावर क्षणभर थांबा. आजूबाजूला पाहा. वाचणाऱ्यांत कोण आहे, कोण नाही, आणि जो नाही त्याच्या वतीने आपण काय काय मान्य करून टाकत आहोत? मॉरिसने एका वाक्यात ‘आम्ही’ लिहिले आणि सात लाख माणसे बाहेर ठेवली. बाबासाहेबांनी तोच शब्द घेऊन दार उघडले. ते उघडे ठेवणे हे आता आपले काम आहे, आणि ते घोषणांनी होणार नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.